फर्लांग: अंतर की शेताचा तुकडा?

शब्दखूण

फर्लांग हा शब्द मराठीत मैलाच्या दगडांबरोबर आला आणि मैल गेल्यावरही बोलण्यात टिकून राहिला. "इथून दोन फर्लांगांवर" म्हटलं की किती चालायचं याचा अंदाज येतो. मैलाचा आठवा हिस्सा, २२० यार्ड, म्हणजे सुमारे २०१ मीटर, एवढं जुन्या कोष्टकांत असायचं.

अडचण वेगळी आहे. इंग्लंडमधल्या एका जुन्या गावाच्या जमीन-नोंदी मराठीत आणायच्या आहेत. त्यांतली वाक्यं अशी: "अमक्या नावाच्या फर्लांगात तीन एकर, पूर्वेला अमक्याची जमीन, पश्चिमेला तमक्याची." अंतराला नाव कसं असेल? आणि अंतरात तीन एकर कसे मावतील?

तेव्हा विचारायचं आहे ते असं: मूळ शब्द काय आणि त्याचा अर्थ काय, २२० हा आडनिडा आकडा आला कुठून, आणि वरच्या वाक्यात मराठीत काय लिहावं?

गावठाण

फार लांब → फर्लांग. ह. घ्या. :)

अक्षरवेध

गावठाण :)

मूळ शब्द प्राचीन इंग्रजीतला, म्हणजे ढोबळमानाने इ. स. ११०० च्या आधीच्या इंग्रजीतला: 'फुर्लांग'. त्याचे दोन तुकडे पडतात. 'फुर्ह' म्हणजे नांगराने पाडलेलं तास आणि 'लांग' म्हणजे लांब. आजच्या इंग्रजीतले 'फरो' आणि 'लाँग' हे त्यांचेच वंशज. तेव्हा फर्लांग म्हणजे 'तासाची लांबी'. 'फुर्ह'चे भाऊबंद इतर भाषांतही आहेत. जर्मनमध्ये तासाला 'फुर्शे' म्हणतात, आणि लॅटिनमध्ये दोन तासांमधल्या वरंब्याला 'पोर्का'.

मराठी 'लांब'शी मात्र याचं नातं नाही. लांब हा संस्कृत 'लम्ब्'मधून, म्हणजे लोंबण्यावरून आला. 'लाँग'चं नातं लॅटिन 'लोंगुस'शी आहे, आणि संस्कृतात त्याची जोडी बहुधा 'दीर्घ'शी लावतात.

खरं सख्खं नातं सापडतं ते एकरात. प्राचीन इंग्रजीत 'अ‍ॅकर' म्हणजे नुसतं शेत, माप नव्हे. लॅटिन 'आगेर', ग्रीक 'आग्रोस' आणि ऋग्वेदातला 'अज्र' हे सगळे एकाच घरातले. अज्र म्हणजे मोकळं रान, शेत. त्यामागचा धातू 'अज्', हाकणे. गुरं हाकायची जागा ती अज्र. फर्लांग आणि एकर दोघांच्याही मुळाशी बैल आहेत.

चौथीकडी

प्रतिसाद आवडला. पण मग मैल आधी की फर्लांग आधी? कोष्टकात फर्लांग मैलावरून काढतात.

मोजणीदार

दोन्ही स्वतंत्रपणे जन्मले आणि पुढे जबरदस्तीने एकत्र बांधले गेले. म्हणूनच आकडे असे विचित्र.

मैल रोमनांचा. हजार दुहेरी पावलं, म्हणजे ५००० रोमन फूट. त्याचे आठ भाग म्हणजे आठ 'स्टेडियम', प्रत्येकी ६२५ फूट. लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणताना 'स्टेडियम'साठी काहीतरी देशी शब्द हवा होता. लांबीने जवळपास बसणारा 'फुर्लांग' त्यांनी उचलला. ही सवय पुढे शतकानुशतकं राहिली. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये यरुशलेम ते अम्माऊस हे अंतर 'साठ फर्लांग' दिलंय, तिथे मूळ ग्रीकमध्ये साठ स्टेडियम आहेत.

शेतातला फर्लांग मात्र दांड्याने मोजला जायचा. एक दांडा, ज्याला रॉड, पोल किंवा पर्च अशी तीन नावं आहेत, साडेपाच यार्डांचा, म्हणजे साडेसोळा फुटांचा. असे ४० दांडे म्हणजे फर्लांग: ४० × १६.५ = ६६० फूट = २२० यार्ड. शब्दखूण, तुमचा आडनिडा आकडा हा. २२० कुणी ठरवला नाही, ठरवले ते ४० दांडे.

आता गाठ बघा. मैल ५००० फुटांचा धरला तर त्याचा आठवा भाग ६२५ फूट. शेतातला फर्लांग ६६० फूट. प्रत्येक फर्लांगामागे ३५ फुटांचा फरक. कुणाला तरी हलवणं भाग होतं. फर्लांग आखूड केला असता तर एकर बदलला असता, आणि त्याबरोबर देशभरातल्या जमिनीच्या नोंदी, खंड, करार. त्यामुळे मैल वाढवला: ८ × ६६० = ५२८० फूट. हे कायद्यात लिहिलं गेलं १५९३ मध्ये, पहिल्या एलिझाबेथच्या काळात. कायद्याचा विषय वजनमापं नव्हताच. लंडनच्या वेशींपासून तीन मैलांच्या आत नवी घरं बांधायला बंदी घालायची होती, आणि त्यासाठी मैल म्हणजे किती ते सांगणं भाग पडलं: आठ फर्लांगांचा मैल, चाळीस दांड्यांचा फर्लांग, साडेसोळा फुटांचा दांडा.

चौथीकडी

म्हणजे बिल्डरांना आवरायला केलेल्या कायद्यातून आपला मैल निघाला! भारी.

बांधावरून

आता नांगराकडे वळू, कारण लांबीचं खरं कारण तिथे आहे.

इंग्लंडच्या भारी चिकणमातीत चालायचा तो जड नांगर. त्याचे तीन भाग महत्त्वाचे. पुढे उभी सुरी, ती माती उभी चिरते. तिच्यामागे फाळ, तो तळातून आडवी कापतो. आणि त्यामागे माती पलटणारी फळी, ती कापलेला पट्टा उजवीकडे उलथा टाकते. याला जुंपायचे ते आठपर्यंत बैल, जोड्यांमागे जोड्या. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत (इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमीन-पाहणीत) 'नांगर' हे एकक आठ बैलांचं धरलेलं आहे. आपल्याकडे काळ्या जमिनीत आठबैली नांगर चालायचा, तो डोळ्यांसमोर आणा.

एवढी लांब रांग वळवणं हे सगळ्यात खर्चिक काम. नांगर उचलायचा, जोड्या फिरवायच्या, पुन्हा ओळीत आणायच्या. म्हणून वळणं कमी करायची. हिशेब करून बघा. एकर म्हणजे एक फर्लांग लांब आणि ४ दांडे, म्हणजे ६६ फूट रुंद. तास ९ इंची धरलं तर ६६ फुटांत ८८ तासं बसतात, म्हणजे साधारण ८८ वळणं. तोच एकर चौकोनी केला तर बाजू जवळपास २०९ फूट येते, तासं २७८ आणि वळणंही तेवढीच. जमीन तेवढीच, नांगरायचं अंतरही तेवढंच, पण वळणं तिपटीहून जास्त.

अंतर किती? ८८ तासं × १ फर्लांग = ८८ फर्लांग = ११ मैल. एक एकर नांगरायला नांगऱ्या ११ मैल चालतो. एकर म्हणजे एका दिवसाची नांगरट, असं जे म्हणतात ते या अकरा मैलांवर तपासून बघा, पटतं. जर्मनीतलं जमिनीचं जुनं माप तर 'मॉर्गन', म्हणजे सकाळ.

तिफण

बांधावरून, वळणांचा हिशेब मान्य. पण "बैल एका दमात जेवढं ओढतात तो फर्लांग" हे जे सगळीकडे लिहिलेलं असतं (वर अजून कुणी लिहिलं नाही, पण येणारच), त्याला माझा विरोध आहे.

जमिनीवरचे जुने पट्टे मोजले तर लांब्या सारख्या येत नाहीत. ओढा आडवा आला की पट्टा तिथे संपतो. उतार बदलला की पट्ट्यांची दिशा बदलते, कारण पाणी तासांतून खाली जायला हवं. कुठे पट्टा २२० यार्डांपेक्षा बराच आखूड, कुठे बराच लांब. ४० दांड्यांचा फर्लांग हे मोजणीसाठी बांधलेलं माप आहे. 'कोंपोझित्सिओ' नावाच्या तेराव्या शतकाच्या आसपासच्या कायदेशीर मजकुरात ही साखळी येते: जवाचे तीन दाणे म्हणजे इंच, १२ इंच म्हणजे फूट, ३ फूट म्हणजे यार्ड, साडेपाच यार्ड म्हणजे पर्च, आणि ४० पर्च लांब व ४ पर्च रुंद तो एकर. त्यात बैलांच्या दमाचा उल्लेख नाही.

बांधावरून

तिफण, मर्यादा दोन्ही बाजूंनी येते, एवढंच म्हणतो. तास फार आखूड ठेवलं तर वळणं परवडत नाहीत. फार लांब ठेवलं तर मध्येच थांबावं लागतं, बैल धापा टाकतात आणि सुरीत अडकलेलं गवत-मुळं काढायला नांगर थांबवावाच लागतो. या दोन टोकांच्या मध्ये जे सोयीचं पडलं, त्याच्या आसपासचा गोल आकडा म्हणून ४० दांडे ठरले. नेमके ४० का, हे बैलांवरून सांगता येणार नाही, तिथे सहमत.

वळणाचा पुरावा मात्र जमिनीवरच आहे. मिडलंड्सच्या, म्हणजे मध्य इंग्लंडच्या, चराऊ कुरणांत आजही जुने वरंबे दिसतात आणि ते सरळ नसून उलट्या 'एस'सारखे वाकलेले असतात. नांगर टोकाला पोचायच्या आधीच पुढच्या जोड्या डावीकडे कलवायला लागायच्या, म्हणजे फाळ शेवटपर्यंत जमिनीत राहतो आणि बैल टोकाच्या वळणपट्ट्यावर आधीच फिरलेले असतात. पिढ्यान्‌पिढ्या तसंच नांगरल्यामुळे अख्खा पट्टाच वाकला.

खडूफळा

वरंबे का तयार झाले? दरवर्षी नांगरल्यावर जमीन सपाट व्हायला हवी ना?

बांधावरून

देशी नांगर असता तर वरंबा झाला नसता, कारण तो माती नुसती फोडतो, पलटत नाही. पलटणारा नांगर माती नेहमी उजवीकडेच टाकतो.

पट्ट्याच्या मधोमध पहिलं तास घाला. टोकाला जाऊन उजवीकडे वळा आणि पहिल्या तासाला लागून परत या. जाताना माती उजवीकडे पडली, येतानाही उजवीकडेच, म्हणजे दोन्ही वेळा मध्याकडे. असंच घड्याळाच्या काट्यांप्रमाणे बाहेर बाहेर जात राहिलं की पट्ट्याच्या मध्याला वरंबा चढतो आणि कडांना चर पडतात. पाण्याचा निचरा चरांतून होतो, आणि पावसाळी वर्षी निदान वरंब्यावरचं पीक वाचतं.

याचं जास्त झालं की नुकसान. वर्षानुवर्षं मध्याकडेच ओढत राहिलं तर कडांची कसदार माती जाते, चरांत पाणी साचतं आणि तिथलं पीक पिवळं पडतं. म्हणून मधूनमधून उलट फेरी घालायची, कडेपासून सुरू करून डावीकडे वळत, म्हणजे माती बाहेर पडते.

गावठाण

आणि शेजाऱ्याच्या पट्ट्यातलं एक तास आपल्यात ओढलं की भांडण. बांध कोरणं जगभर सारखंच म्हणायचं.

तिफण

गावठाण, फरक एवढाच की तिथे कोरायला बांधच नव्हता. उघड्या शेतपद्धतीत पट्ट्यांमध्ये कुंपण नाही, फक्त चर. दरवर्षी एक-एक तास सरकवलं तर दहा वर्षांत साडेसात फूट गेले. म्हणून गावसभा लागायची.

ही पद्धत आजही चालू असलेलं गाव आहे, नॉटिंगहॅमशरमधलं लॅक्सटन. तीन मोठी शेतं: वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. दरवर्षी एका शेतात हिवाळी पीक, दुसऱ्यात वसंतातलं, तिसरं पडीक किंवा चाऱ्याला. हिवाळ्यात पंच पेरलेल्या शेताची पाहणी करतात, हद्दीच्या खुंट्या ठोकतात आणि कुणी सामाईक गवतपट्टीत नांगर घातला असेल तर दंड करतात. ही सभा, कोर्ट लीट, अजून भरते. १६३५ मध्ये मार्क पिअर्सने या गावाचा पट्टान्‌पट्टा दाखवणारा नकाशा काढला होता.

शब्दखूण, तुमच्या दुसऱ्या अर्थाचं उत्तर याच नकाशात आहे. मोठ्या शेतात पट्टे एका दिशेने सलग नसतात. पाचपंचवीस पट्टे एका दिशेने शेजारी-शेजारी, मग पुढचा जथा आडव्या दिशेने. समांतर पट्ट्यांच्या अशा एका जथ्यालाही फर्लांग म्हणत. काही भागांत त्यालाच 'शॉट' म्हणत, उत्तरेकडे 'फ्लॅट'. प्रत्येक जथ्याला नाव असायचं, ओढ्यावरून, काटेरी झुडपावरून, टेकाडावरून.

अक्षरवेध

अर्थ सरकला कसा तेही सांगतो. 'तासाची लांबी' हे अंतर. मग 'एका तासाच्या लांबीची जमीन', म्हणजे सगळे पट्टे एकाच लांबीचे आहेत असा तुकडा. शेवटी नुसता तुकडा, लांबी कितीही असो. म्हणून नोंदींत २०० यार्डांचाही फर्लांग आणि ३०० यार्डांचाही. या अर्थाने फर्लांगात तीन एकरच काय, तीस एकरही बसतात.

शब्दखूण

खूप खूप आभार. म्हणजे एकाच दस्तऐवजात दोन्ही अर्थ येऊ शकतात?

तिफण

येतात. ओळखायचं असं: फर्लांगाला नाव असेल, किंवा आधी 'मध्ये', 'आत' असेल, तर तुकडा. आधी संख्या असेल, "गिरणीपासून तीन फर्लांग", तर अंतर.

आणखी एक सावधगिरी. अशा नोंदवह्यांत 'एकर' हाही अनेकदा पट्ट्याला लावलेला शब्द असतो, मोजून काढलेलं क्षेत्र नव्हे. "तीन एकर" म्हणजे तीन पट्टे, प्रत्यक्षात मोजले तर कमी भरतील. बेरजा करून गावाचं क्षेत्र काढायला जाऊ नका.

मोजणीदार

शिवाय दांडा सगळीकडे साडेसोळा फुटांचा नव्हता. इंग्लंडमधल्याच चेशर परगण्यात ८ यार्डांचा दांडा चालायचा. १६० चौरस दांड्यांचा एकर धरला की तिथला एकर १०,२४० चौरस यार्ड, कायद्यातल्या ४८४० च्या दुपटीहून जास्त. आयर्लंडमध्ये दांडा ७ यार्ड, म्हणून तिथला फर्लांग २८० यार्ड आणि मैल २२४० यार्ड. सगळीकडे ४० दांडे आणि ८ फर्लांग हेच गुणाकार, फक्त दांडा वेगळा. तुमच्या गावाचा दांडा कोणता हे आधी बघा.

चौथीकडी

आमच्या गुंठ्याचा यात काही संबंध आहे का? ३३ फूट म्हणजे दोन दांडेच की.

मोजणीदार

चौथीकडी, बरोबर पकडलंत. संबंध थेट आहे.

१६२० च्या सुमारास लंडनच्या ग्रेशम कॉलेजातला खगोलशास्त्राचा प्राध्यापक एडमंड गंटर याने साखळी आणली: ६६ फूट लांब, १०० कड्या, एक कडी ७.९२ इंच. ६६ फूट का? ४ दांडे, म्हणजे जुन्या एकराची रुंदी. दहा साखळ्या म्हणजे फर्लांग. एक साखळी × दहा साखळ्या = एकर. म्हणजे १ लाख चौरस कड्यांचा एकर, आणि सगळा गुणाकार दशमानात.

उदाहरण घ्या. शेत ६ साखळ्या २५ कड्या लांब, ४ साखळ्या ४० कड्या रुंद. ६२५ × ४४० = २,७५,०००. उजवीकडून पाच आकडे सोडा: २.७५ एकर. अपूर्णांक ४० ने गुणा: ०.७५ × ४० = ३०. उत्तर २ एकर ३० गुंठे. फूट-इंचांत हेच करून बघा म्हणजे गंटरचे उपकार कळतील.

मुंबई इलाख्याच्या मोजणीत साखळी अर्धी केली, ३३ फुटांची. तिचे १६ आणे पाडले, एक आणा २ फूट पाऊण इंच. हीच शंकू साखळी. तिचा चौरस, ३३ × ३३ = १०८९ चौरस फूट, म्हणजे गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या १८३५ पासूनच्या इंदापूरच्या पाहणीनंतर एकर-गुंठे दख्खनच्या कागदोपत्री पक्के रुजले. एका फर्लांगात गुंठ्याच्या वीस बाजू बसतात. जुना इंग्रजी एकर-पट्टा आखला तर वीस गुंठे लांब, दोन गुंठे रुंद.

साखळीत चूक कुठे होते तेही सांगतो. कड्या एकमेकींवर घासून झिजतात, कडी थोडी-थोडी लांबते आणि साखळी वाढते. साखळी वाढली की शेत कमी भरतं. शंभरात एक कडी वाढली तर लांबी १ टक्का कमी, पण क्षेत्र जवळपास २ टक्के कमी. खरं शेत १० एकर, कागदावर ९.८. त्यामुळे साखळी कामाआधी पक्क्या खुणांवर ताणून तपासायची, आणि चढावर ती जमिनीवर टेकवून नव्हे तर आडवी धरून मोजायची, नाहीतर उतार क्षेत्रात मिसळतो.

रुमणे

गुंठा चौरस आणि इंग्रजी पट्टा लांबट, याचं कारणही नांगरच आहे. देशी नांगर माती पलटत नाही, त्यामुळे उभं नांगरून पुन्हा आडवं नांगरावं लागतं. आडव्या-उभ्या नांगरटीला चौकोनी शेत सोयीचं. युरोपातही हलक्या नांगराच्या काळातली जुनी शेतं चौकोनीच होती, जड नांगर आल्यावर ती लांबट झाली.

मोजणीदार

रुमणे, शेताच्या आकाराबद्दल तुमचं म्हणणं बरोबर. गुंठ्याबद्दल नाही. गुंठा चौरस आहे कारण साखळीचा वर्ग करणं सोपं. तो नांगरासाठी नाही, हिशेबासाठी आहे.

तिफण

अवांतर: आपल्या जुन्या मापातही दांडाच होता. सभासदाच्या बखरीत शिवकालीन मोजणी दिली आहे: पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या औरस-चौरस म्हणजे बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर.

खडूफळा

१२०! इंग्लंडमध्येही एका नांगराची जमीन १२० एकर धरत ना? म्हणजे चावर आणि ते एकच?

अक्षरवेध

नाही. तिकडचा शब्द 'कॅरुकेट', लॅटिन 'कारुका' म्हणजे जड नांगर, त्यावरून. त्याचा आठवा भाग, एका बैलाच्या वाट्याचे १५ एकर, तो 'ऑक्सगँग'. १२० हा आकडा सोयीचा आहे म्हणून दोन्हीकडे आला, त्याला २, ३, ४, ५, ६, ८ सगळ्यांनी भाग जातो. वाटण्या करणाऱ्याला आणखी काय हवं? आकड्यांचा मेळ म्हणजे शब्दांचं नातं नव्हे.

टर्फवाला

फर्लांग अजून रोज कुठे वापरतात ते सांगायला आलो. घोड्यांच्या शर्यती. एप्सम डर्बी १२ फर्लांगांची (नेमकी मोजली तर काही यार्ड जास्त), केंटकी डर्बी १० फर्लांगांची. ब्रिटन, आयर्लंड आणि अमेरिकेत अंतरं आजही फर्लांगांत छापतात. भारतात शर्यती मीटरमध्ये गेल्या, महालक्ष्मीला होणारी इंडियन डर्बी २४०० मीटरची. १२ फर्लांग म्हणजे २४१४ मीटर, तेव्हा दोन्हींच्या वेळा शेजारी ठेवून तुलना करू नका. १४ मीटर म्हणजे घोड्याला जेमतेम एक सेकंद, पण विक्रम सेकंदाच्या अंशांवर ठरतात.

चौथीकडी

आणि क्रिकेट! पिच २२ यार्ड, म्हणजे बरोबर एक साखळी, फर्लांगाचा दहावा भाग. १७४४ च्या नियमांतही २२ यार्डच आहे. फलंदाज एक धाव काढतो तेव्हा जुन्या एकराच्या रुंदीएवढं अंतर कापतो (क्रीजमुळे थोडं कमी).

मैलकुली

रस्त्यांबद्दल थोडं. मैलाच्या दोन दगडांमध्ये फर्लांगाचे सात दगड असायचे, १ ते ७. आठवा म्हणजे पुढचा मैल. १९५६ च्या कायद्यानंतर मापं दशमान झाली आणि किलोमीटरचे दगड आले. त्यांच्यामध्ये प्रत्येक २०० मीटरला लहान दगड: २, ४, ६, ८. फर्लांग २०१.१६८ मीटरचा, म्हणजे दोन दगडांमधलं अंतर जवळपास तेवढंच राहिलं. म्यानमारमध्ये रस्त्यांच्या पाट्यांवर मैल आणि फर्लांग आजही दिसतात.

गावठाण

अभियंत्यांचा जुना विनोद: वेग 'फर्लांग प्रति पंधरवडा' या एककात सांगायचा. २०१.१६८ मीटर भागिले २०,१६० मिनिटं, म्हणजे मिनिटाला जवळजवळ बरोबर एक सेंटिमीटर. गोगलगायीलाही पकडता येईल. :)

खडूफळा

हाहाहा. आता मूळ प्रश्नावर या कुणीतरी. मराठीत काय लिहायचं?

रुमणे

'थळ' कसा वाटतो? मराठी कागदपत्रांत गावाची जमीन थळांत मांडलेली असते, थळझाडा म्हणतात तो. थळालाही नाव असतं.

तिफण

थळ सुंदर शब्द आहे, पण इथे दिशाभूल करेल. थळाचं नाव बहुधा ते मूळ ज्या घराण्याच्या मिराशीचं (वंशपरंपरागत हक्काचं) होतं त्यावरून असायचं. इंग्रजी फर्लांगात सहसा एकाच घराण्याची जमीन नसते. तीच तर त्याची खूण: दहा-वीस वेगवेगळ्या कुळांचे पट्टे मिसळलेले, म्हणजे चांगली-वाईट जमीन सगळ्यांच्या वाट्याला. 'थळ' लिहिलं की वाचकाच्या मनात मिरास येणार.

चौथीकडी

मग 'फड'? धुळ्याकडे पांझरेवर फड पद्धत आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडतात, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकरी देणार. प्रत्येकाचे तुकडे वेगवेगळ्या फडांत.

तिफण

रचनेने फार जवळ गेलात. पण फड बसतो तो वेस्ट फील्ड, मिल फील्डसारख्या मोठ्या शेताला, कारण पिकाची फेरपालट त्या पातळीवर ठरते. फर्लांग ही त्याखालची पायरी. उतरंड अशी: गाव, मोठं शेत, फर्लांग, पट्टा.

अक्षरवेध

माझं मत: लांबीला 'फर्लांग' ठेवा, तो मराठीच झालाय. तुकड्याला 'पट्ट्यांचा जथा' हे जड होतं, रोज लिहिता येणार नाही. 'टापू' लिहा आणि पहिल्या ठिकाणी एकदाच खुलासा द्या की मूळ शब्द फर्लांग आहे आणि इथे त्याचा अर्थ समांतर पट्ट्यांचा समूह. एकाच पानावर दोन अर्थांनी 'फर्लांग' आला तर वाचक प्रत्येक वेळी अडखळेल.

शब्दखूण

'टापू' चालेल. मग वाक्य असं: "वेस्ट फील्डमध्ये, अमुक टापूत, तीन पट्टे ('एकर'), पूर्वेला अमक्याची जमीन, पश्चिमेला तमक्याची, उत्तरेचं टोक वळणपट्ट्यावर."

बांधावरून

उत्तम. फक्त वळणपट्टा कुणाचा तेही मुळात दिलंय का बघा. तोही नांगरला जायचा, सगळ्यांचे पट्टे नांगरून झाल्यावर शेवटी आणि आडवा. त्यामुळे त्याचा धनी सगळ्यांच्या मागे पेरणी करायचा, आणि पेरल्यावर कुणी त्यावर बैल वळवले तर तक्रार गावसभेत जायची. नोंदीत "अमक्याचा वळणपट्टा" असं असेल तर नाव गाळू नका.

शब्दखूण

आहे, दोन ठिकाणी नाव दिलंय. ठेवतो.